अख्खा मसूर

वाचायचं नाही, हा माझ्या नोकरीचा पहिला नियम.
झोपवायचं, हनुवटी खाली घ्यायची,
ताईत, अंगठ्या, नाणी काढून स्टीलच्या वाटीत,
हलू नका म्हणायचं पाच भाषांत,
आणि काचेआड येऊन बटण दाबायचं.
चित्र समुद्रापार जातं.
तिकडे मिरजेत डॉक्टर बावडेकर वाचतात.
मी फक्त पाठवते.

उठताना प्रत्येक जण माझ्या तोंडाकडे बघतो.
सब ठीक, सिस्टर?
सात वर्षांत तोंडाला शिकवलंय
कोऱ्या फिल्मसारखं राहायला.

बावडेकरांना मी कधी पाहिलेलं नाही.
त्यांनी पाहिलेत खोर फक्कानचे मणके, फुप्फुसं,
बंदरावरच्या हमालांचे झिजलेले गुडघे,
चेहरा मात्र एकाचाही नाही.
प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी तीच ओळ:
रुग्णाशी पडताळून पाहावे.
मला ती हात झटकल्यासारखी वाटायची.

त्या रात्री टेकबहादूर चालत आला.
कंटेनर आवळायचा रॉड कानशिलावर लागलेला,
हेल्मेट काखेत, पाळी संपायच्या आत परत जायचंय अशा बेतानं.
रकान्यात त्याचं आडनाव मावलं नाही,
घर्तीचं नुसतं ‘घर’ उरलं.
ते बघून तो हसला.
म्हणाला, सुपरवायजरला सांगू नका.

दोन वाजून सात मिनिटं.
चौदाव्या स्लाइसवर जे होतं
ते मी वाचलं नाही. मला दिसलं, एवढंच.
‘पाठवा’ दाबलं.
बारा टक्के.
बारा टक्के.
बारा.
समुद्राखालची केबल गेली
की आमच्याच जिन्याखालचा डबा, कोण जाणे.
ड्यूटीवरचे डॉक्टर वर, अडलेल्या बाईपाशी.
काचेपलीकडे टेकबहादूरला उलटी झाली,
आणि मग त्यानं मला
दुसऱ्याच कुणाच्या नावानं हाक मारली.

मिरजेत साडेतीन वाजून गेलेले.
फोनमध्ये पंख्याची घरघर, मग आवाज.
चित्र आलं नाही. तुम्ही बघा आणि सांगा.
मला वाचायची परवानगी नाही, मॅडम.
वाचू नका. दिसतंय ते बोला.

उजवीकडे. म्हणजे स्क्रीनच्या उजवीकडे,
त्याच्या डावीकडे.
पांढरं आहे. कवटीला चिकटून.
मधली रेघ सरकलीय.
चंद्रकोरीसारखं?
नाही. फुगीर.
कसं फुगीर? नीट सांगा.

शेकडो रिपोर्ट डोळ्यांखालून गेलेत माझ्या,
त्यातला एक शब्द जिभेवर येईना.
आला तो स्वयंपाकघरातून.
मसुरासारखं, मॅडम.
डाळ की अख्खा?
अख्खा.

पंखा तेवढा ऐकू येत राहिला.
मग: हलवा त्याला. आत्ता. कागदाची वाट बघू नका.
शारजाला मी बोलते.

रात्रीत दुसऱ्यांदा त्याला बोगद्यात सरकवलं,
या वेळी डोंगरातल्या.
सोबत नर्स लिसम्मा, तिच्या मांडीवर त्याचं हेल्मेट.

तीन चाळीसला लाइन आली.
तीन बावन्नला रिपोर्ट:
अकरा ओळी, जाडी मिलिमीटरमध्ये, सही.
त्यात मसूर नव्हता. फोनही नव्हता.
तळाशी, नेहमीप्रमाणे,
रुग्णाशी पडताळून पाहावे.
या वेळी मी ती ओळ वाचली.
नियम मोडून, दोनदा.

शारजाहून अजून काही कळलेलं नाही.
वाटीत त्याची तांब्याची अंगठी राहिलीय,
आतून हिरवी पडलेली.
चिकटपट्टी फाडून मी तिच्यावर नाव घातलं,
टेकबहादूर घर्ती,
पट्टी कमी पडली तेव्हा
दुसरी जोडून.